एकटेच?

गेल्या वर्षी जुलैत घाटमाथ्यावरच्या एका गावात मी लॉजच्या काउंटरसमोर उभा होतो. पाऊस असा की छत्री नुसती शोभेला. बसमध्ये अर्धा तास एक वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं : "एक रूम हवी होती, दोन रात्रींसाठी." ते न अडखळता म्हणूनही झालं. काउंटरमागच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं आणि विचारलं, "एकटेच?"

"हो."

"सिंगल माणसाला देत नाही आम्ही."

कारण विचारण्याची तयारी मी बसमध्ये केलेली नव्हती, त्यामुळे ते विचारलं नाही. समोरच्या टपरीवर चहा घेताना टपरीवाल्यानं ते आपणहून सांगितलं. कोणीतरी एकटा मुलगा येऊन राहिला होता, सकाळी दार उघडेना. मग पोलीस, पंचनामा, चार महिने हेलपाटे. "तेव्हापासून एकट्याला कोणी ठेवत नाही. तुमच्याकडं बघून तसं वाटत नाही म्हणा," असं तो वर म्हणाला, पण नीट निरखून बघूनच म्हणाला.

मला रूम शेवटी दुसरीकडे मिळाली, त्याची गोष्ट नाही. पण 'एकटेच?' हा प्रश्न डोक्यात राहिला. मी बहुतेकदा एकटाच फिरतो. त्यात पराक्रम काही नाही. ग्रूपमध्ये गेलो की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझी बोलण्याची टाकी रिकामी होते आणि मग उरलेला प्रवास लोक मला "काय झालं? बरं नाही का?" असं विचारण्यात घालवतात. आपल्या भाषेत असल्या माणसासाठी शब्द भरपूर आहेत आणि त्यातला एकही प्रेमाचा नाही. घुम्या, एकलकोंडा, माणूसघाणा, तुसडा. 'अंतर्मुख' हा त्यातल्या त्यात सभ्य, पण तोही मूळचा साधनेच्या प्रांतातला. कार्ल युंगच्या १९२१ सालच्या पुस्तकानं माणसांची अंतर्मुख-बहिर्मुख विभागणी जगभर पसरवली, तेव्हा आपल्याकडे हा शब्द अध्यात्मातून उचलून मानसशास्त्राच्या कामाला लावला गेला. त्याआधी माणूस अंतर्मुख 'होत' असे, म्हणजे ती कमाई होती. आता तो अंतर्मुख 'असतो'.

तर प्रश्न असा पडला की पूर्वी आमच्यासारखे लोक प्रवास कसा करत? हॉटेलचं बुकिंग बोटानं होत नव्हतं, नकाशा खिशात नव्हता, पत्ता विचारायला तोंड उघडावंच लागत होतं.

पहिलं उत्तर अगदी सरळ आहे : एकटं कोणी जातच नसे. वारी दिंडीनं, काशीयात्रा संघानं. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये पैसा मिळवायला उत्तरेत निघाले आणि बंडाच्या धुमाकुळात सापडले, तेही काकांना घेऊन. एकटा वाटसरू म्हणजे चोरांना आयतं गिऱ्हाईक. ठगांची तर पद्धतच अशी की आधी वाटेत ओळख काढायची, गप्पा मारायच्या, विश्वास बसला की रुमाल. (माणूसघाणेपणाचा इतिहासात कुठे प्रत्यक्ष फायदा झाला असेल तर तो इथेच, असं मला वाटतं.) घराबाहेर एकटा दिसणारा माणूस संन्यासी असायचा, पळून आलेला असायचा किंवा गुन्हेगार. काउंटरवरचे ते गृहस्थ काही नवीन शोधून काढत नव्हते. शेकडो वर्षांचा संशय त्यांनी फक्त रजिस्टरच्या रकान्यात बसवला होता.

'एकटेच?' हा प्रश्न मराठी माणसाला जाहीर सभेत विचारला गेल्याचं एक उदाहरण आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरला, कॉलेजच्या सभागृहात, सतरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी इंग्रजीत भाषण करायला उभ्या राहिल्या. डॉक्टर व्हायला त्या अमेरिकेला निघाल्या होत्या आणि त्यावरून उठलेल्या प्रश्नांना एकदाचं उत्तर द्यायचं होतं. त्यांनी प्रश्न स्वतःच मांडून घेतले : अमेरिकेलाच का, इथे शिकता येत नाही का, परत आल्यावर बहिष्कार पडला तर काय. आणि त्यातच हा : एकटी का? त्यांनी दिलेलं कारण मला नेहमी थक्क करतं, कारण त्यात साहस, स्वातंत्र्य वगैरे काही नाही. दोघांनी जायचं असंच आधी ठरलं होतं, पण तेवढे पैसे नाहीत आणि गोपाळरावांच्या पगारावर घरची माणसं अवलंबून आहेत, म्हणून एकटी. एकटीनं जाणं हे त्यांच्यासाठी हिशेब केल्यावर खाली उरलेली बाकी होती. त्या ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसल्या. तरीही एका मिशनरी बाईंची सोबत बघूनच. आपल्या एकटेपणाचा खुलासा परक्या भाषेत, अनोळखी लोकांसमोर उभं राहून करायचा, म्हणजे आमच्यासारख्याला जेवढं भयंकर वाटेल तेवढं सगळं त्या एका संध्याकाळी होतं. त्या मुळात बोलक्या होत्या की अबोल, हे बाजूला ठेवा. तशी निवडच त्यांना नव्हती.

असा खुलासा न करता निघालेला माणूस मला गोव्यात सापडला.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. शाळा जेमतेम, नारळाची बाग सांभाळायची, लग्न लहानपणीच झालेलं. त्यांचं आत्मकथन 'निवेदन' १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यातल्या तरुणाची ओळख पटायला वेळ लागला नाही : घरच्या कामात लक्ष नाही, पुस्तकात डोकं, वरचेवर खिन्न, निघायचं आहे पण निघवत नाही. त्यांना 'इन्ट्रोव्हर्ट' म्हणणं म्हणजे नंतरचं लेबल आधीच्या बरणीला चिकटवणं, हे मला मान्य आहे. पुढे त्यांनी शिकवलं, व्याख्यानं दिली, सत्याग्रहात तुरुंगातही गेले. पण विशी-पंचविशीतला तो मनुष्य गर्दीत रमणारा नक्कीच नव्हता.

बुद्धाची आणि त्यांची गाठ पडली ती 'बालबोधमेवा' या लहान मुलांच्या मासिकातल्या एका लेखामुळे. हे मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांचं. मुलांना चांगलं वळण लागावं म्हणून छापलेल्या त्या मजकुरानं एका गोवेकर ब्राह्मणाला बौद्ध केलं, ही गंमत मिशनऱ्यांच्या गावीही नसेल. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा तर आधी संस्कृत हवं, आणि संस्कृत हवं तर घर सोडायला हवं, असा तो हिशेब होता. आधीचे बाहेर पडण्याचे प्रयत्न फसले होते. १८९९ च्या डिसेंबरात ते निघाले ते निघालेच.

वेळ बघा. प्लेग १८९६ ला मुंबईत आला, पुढल्या वर्षी पुण्यात. साथीच्या कायद्याखाली स्टेशनांवर उतारू उतरवून तपासले जात होते. त्याच सुमाराला छप्पन्नचा दुष्काळ पडलेला. मुरगावहून घाट चढून वर जाणारी रेल्वे १८८८ मध्ये सुरू झाली होती, तेव्हा रस्ता होता. पण अशा दिवसांत अनोळखी, एकटा, कुठल्या कामानं चाललाय हे धड सांगता न येणारा माणूस कुठल्याही गावाला नकोसाच असणार. "बुद्धाचा धर्म शिकायला चाललोय," हे उत्तर तेव्हा कोणाच्या पचनी पडलं असतं? या देशात तो धर्म शिकवणारं माणूस सहजी सापडत नव्हतं.

पुण्यात ते रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना ज्या सरांच्या हाताखाली प्रोजेक्ट करायचं होतं, त्यांच्या केबिनच्या दारावरून तीन दिवस नुसता ये-जा केली होती. इथे शिक्षण अर्धवट राहिलेला खेड्यातला मुलगा भारतातल्या सर्वात मोठ्या संस्कृत पंडिताच्या दाराशी जातो. पुढे ग्वाल्हेर, मग काशी. काशीत त्यांनी जेमतेम दोन वर्षं संस्कृत शिकण्यात घालवली. तिथून १९०२ च्या सुरुवातीला नेपाळ, तिथल्या बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराशा, मग बोधगया, कलकत्त्याची महाबोधी सभा आणि तिथून थेट सिलोन. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांकडे पाली. तिथेच ते श्रामणेर झाले. मग मद्रास, मग ब्रह्मदेश. १९०६ पर्यंत हेच.

नकाशावर हे फार देखणं दिसतं. मी एकदा खरोखरच लॅपटॉपवर ठिपके जोडून बघितलं होतं. पण ठिपक्यांमधल्या जागेत जेवण कुठून येत होतं, हे बघायला लागल्यावर मला या प्रवासाचा खरा इतिहास दिसायला लागला.

काशीत गरीब विद्यार्थी जगत होता तो अन्नछत्रांवर. राजेरजवाडे, सरदार, सावकार यांनी पुण्यासाठी चालवलेल्या या छत्रांमुळे शेकडो मुलं खिशात दमडी नसताना वर्षानुवर्षं व्याकरण आणि न्याय शिकत. हे आजच्या भाषेत फुल स्कॉलरशिप, फक्त अर्जात एकच रकाना : जात. पंगतीत बसायचं तर तुम्ही कोण, कुठले, कुठल्या शाखेचे हे सांगावं लागे. सारस्वतांच्या ब्राह्मण्यावरून इतर मराठी ब्राह्मणांनी घातलेले वाद तर प्रसिद्धच आहेत. म्हणजे छत्रातलं जेवण फुकट होतं, पण ओळख सांगितल्याशिवाय नव्हतं. दुसरी सोय माधुकरीची किंवा वार लावून जेवण्याची. वारात सात घरं, सात यजमान, आठवडाभर रोज वेगळ्या स्वयंपाकघरात वेगळ्या माणसांची मर्जी राखायची. माधुकरीला तर दारात उभं राहून 'ॐ भवति भिक्षां देहि' अशी हाळी द्यायची. आवाज चढवून. रोज. ज्याला रिक्षावाल्याला "सुट्टे आहेत का" विचारताना घसा कोरडा पडतो, त्यानं हे डोळ्यांपुढे आणून बघावं.

आणि ज्याला जातीच्या रकान्यात लिहायला 'ब्राह्मण' नव्हतं, त्यानं काशीत असं एकट्यानं राहून शिकण्याचा विचारही करायचा नाही. बाईनं तर नाहीच. धर्मानंदांचं एकटं फिरणं ही त्यांची हिंमत होतीच, पण त्या हिमतीला टेकायला एक भिंत होती आणि ती सगळ्यांसाठी बांधलेली नव्हती.

सिलोनला गेल्यावर व्यवस्थाच बदलली, आणि हा भाग मला सर्वात आवडतो. तिथे त्यांना सिंहली येत नव्हती. गुरूंशी संस्कृतातून बोलता येई. ज्या भाषेसाठी घर सोडलं ती भाषा अशी पुलासारखी कामाला आली. पाली वाचायची तर ग्रंथ सिंहली लिपीत, म्हणून आधी ती लिपी. आणि जेवण विनयाच्या नियमांनी. थेरवादी भिक्षूनं भिक्षा मागायची नसते. म्हणजे तोंडानं मागायची नसते. पात्र घेऊन दारासमोर क्षणभर उभं राहायचं, नजर खाली. कोणी वाढलं तर घ्यायचं, नाही वाढलं तर पुढच्या दाराशी. आभार नाहीत, चौकशी नाही, 'कुठले तुम्ही' नाही. दुपारी बारानंतर जेवण नाही, त्यामुळे संध्याकाळच्या पंगती आणि गप्पांचा प्रश्नच मिटला. घुम्या माणसासाठी कोणी बसून यंत्रणा आखली असती तर ती हुबेहूब अशीच झाली असती, असं मला पहिल्यांदा वाटलं.

पण त्याच नियमांत एक मेख आहे. भिक्षूनं अन्न साठवायचं नाही, शिजवायचं नाही, आणि पाणी नि दातवण सोडलं तर कोणी हातानं दिल्याशिवाय तोंडात काहीही घालायचं नाही. झाडाखाली पडलेलं फळसुद्धा नाही. ते उचलून हातावर ठेवणारं दुसरं माणूस लागतं. म्हणजे बोलू नका हे ठीक, पण रोज सकाळी कुठल्यातरी चुलीसमोर हजर राहा. सुत्तनिपातात गेंड्याच्या शिंगाचा दृष्टांत देऊन एकट्यानं राहण्याची थोरवी गाणारं एक सुत्त आहे. एकट्या फिरणाऱ्यांना ते फार प्रिय असतं. त्याच सुत्तात शहाणा सोबती मिळाला तर त्याच्याबरोबर आनंदानं जावं असंही सांगितलंय, ते सहसा कोणी सांगत नाही. मीही बरीच वर्षं सांगत नव्हतो.

माझे चार दिवसांचे प्रवास बघितले तर मी सिलोनच्या वळणावर गेलेला दिसेन. अॅपवर खोली, अॅपवर जेवण, दाराबाहेर पिशवी ठेवून बेल वाजवून गेलेला मुलगा. एकदा मोजलं होतं : चार दिवसांत अकरा वाक्यं, त्यातली तीन एका कुत्र्याशी. फरक इतकाच की भिक्षूला वाढणारी बाई दिसत असे.

आता साखवाळकडे वळायला हवं, कारण ते मी इतका वेळ टाळलं.

धर्मानंद निघाले तेव्हा त्यांची पहिली मुलगी, माणिक, तान्ही होती. त्याच वर्षी जन्मलेली. बायको बाळाबाई. ते परत गोव्यात गेले १९०६ मध्ये. या मधल्या सहा-सात वर्षांत नवरा कुठे आहे, जिवंत आहे का, डोकं भादरून पिवळी वस्त्रं नेसलेला माणूस अजून नवरा आहे का, या प्रश्नांसकट बाळाबाई घरी होत्या. सिद्धार्थ आणि यशोधरेची गोष्ट कोणालाही आठवेल. पण यशोधरा राजवाड्यात होती. प्रवास करणाऱ्यानं 'निवेदन' लिहिलं. मागे राहिलेल्या माणसाचं निवेदन नाही. परतल्यावर धर्मानंदांनी संसार पुन्हा उभा केला, हे न्यायानं सांगायला हवं. कलकत्त्याला पालीची नोकरी धरली. पुढे सयाजीराव गायकवाडांचं दरमहा ५० रुपयांचं साहाय्य घेतलं, महाराष्ट्रात राहून काम करता यावं म्हणून. १९०७ मध्ये दामोदर जन्मला, गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी तो हाच. पण १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनासाठी हार्वर्डचं बोलावणं आलं आणि ते पुन्हा गेले. १९१८ मध्ये पुन्हा, या वेळी माणिक आणि दामोदर यांना घेऊन. बाळाबाई धाकट्या मुलींसह इथेच.

याला मी दोष म्हणत नाही. त्या सात वर्षांशिवाय मराठीत बुद्ध इतक्या साध्या, घरगुती भाषेत आला नसता. 'भगवान बुद्ध' वाचलेल्या कोणालाही हे पटेल. पण आनंदीबाईंना जो प्रश्न सभागृहात विचारला गेला, तो धर्मानंदांना निघताना कोणी विचारला नाही, आणि आनंदीबाईंचं उत्तर घरच्या माणसांपासून सुरू होत होतं, हे शेजारी शेजारी ठेवल्यावर मला नीट बसवेना.

कारण असं की माझ्या बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास. मी कुठे गेलो की ताई रजा काढते. "जा तू, तुला गरज असते," असं ती म्हणते आणि मी जातो. घाटमाथ्यावरच्या त्या लॉजमध्ये "एकटेच?" विचारलं गेलं तो दिवस गुरुवार होता. 'गरज' हा तिचाच शब्द. तो मी इतकी वर्षं कसलीही चौकशी न करता वापरून घेतला. ताई काही बोलकी आहे असं नाही. आमच्या घरात बोलकं कोणीच नाही. फक्त मी घुम्या असल्याचं आधी जाहीर झालं, त्यामुळे एकांताचा कोटा माझ्या नावावर लागला.

हे मी तिला बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. नोव्हेंबरात मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, "पुढच्या आठवड्याचे तिन्ही दिवस मी करतो. तू कुठेतरी जाऊन ये." दोन तासांनी उत्तर आलं : "एकटी?" मी लिहिलं, "हो." मग बराच वेळ ती काहीतरी टाइप करत होती, शेवटी नुसता अंगठा आला.

मंगळवारी बाबांना मशीन लावून सिस्टर नुकत्या गेल्या होत्या, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. मी अनोळखी नंबर घेत नाही. त्या दिवशी घेतला. कोकणातल्या एका लॉजचे मालक होते. म्हणाले, मॅडम एकट्याच आल्यात, आम्ही घरच्या कोणाशी तरी बोलल्याशिवाय एकट्या लेडीजना रूम देत नाही, तुम्ही त्यांचे कोण?

"भाऊ."

"बरोबर कोणी येणार आहे का नंतर?"

"नाही," मी म्हणालो. "एकटीच आहे."

बाबांनी डोळे उघडून विचारलं, "पोचली का?"